गादीवरचा ओला टॉवेल

लॉन्ड्री चालवणाऱ्या बाईपासून काही लपत नाही. नुसती बाही बघून मी सांगते, साहेब दुपारी काय जेवले आणि कुठे टेकून बसले. आणि माझ्याच नशिबी असा नवरा, की त्याच्या कपड्यांवर डाग म्हणून सापडायचा नाही!

आमचे हे लष्कराच्या टेहळणी पथकात आहेत. लोकांना वाटतं, धडाधड गोळ्या झाडत असतील. कसलं काय! लढणं हे यांचं कामच नाही. शत्रूच्या हद्दीत गुपचूप शिरायचं, झुडपात दिवसभर पालथं पडून एखाद्या पुलावर नजर ठेवायची. कोणत्या गाड्या गेल्या, पहारा कधी बदलला, सगळं डोक्यात साठवायचं आणि कुणाला पत्ता लागू न देता परत यायचं. "गोळी झाडावी लागली म्हणजे आमचं काम बिघडलं," असं हे म्हणतात. प्रशिक्षणात साबणसुद्धा बंद, वाऱ्यावर वास जातो म्हणून. अंगावर मुंग्या चढल्या तरी हलायचं नाही. उठल्यावर दबलेलं गवत हाताने उभं करायचं, सरकलेला दगड होता तसा ठेवायचा.

आता हीच विद्या घरी आणली तर बायकोने काय करावं? सुट्टी संपली की हे मी उठायच्या आत निघून जातात. बघते तर कप धुऊन पालथा, चादर ताणलेली, उशीवर खळगासुद्धा नाही. माणूस घरात होता, की मलाच स्वप्न पडलं होतं? शेजारी राहणाऱ्या माझ्या जाऊबाई सारख्या कुरकुरतात, मोठे दीर ओला टॉवेल गादीवर टाकतात म्हणून. मी म्हटलं, "जाऊबाई, नशीबवान आहात हो!"

मागच्या सुट्टीत, निघायच्या आदल्या दिवशी, माझा बांध फुटला. "अहो, तुम्ही नसताना मी कशाकडे बघून दिवस काढू? एखादी खूण तरी ठेवत जा की!"

हे हसले. "खूण ठेवणारा परत येत नाही, हेच तर शिकवलंय आम्हाला."

मी तोंड फिरवून बसले.

सकाळी उठले तर हे गेलेले. कप धुतलेला. चादर ताणलेली. आणि गादीच्या मधोमध ओला टॉवेल.

आधी हसूच फुटलं. मग मनात शंका आली. माझ्यासाठी मुद्दाम ठेवला, की विसरले? घरी विसरणारा माणूस तिकडे विसरला तर? मीच मेलीने हट्ट करून त्यांची सवय मोडली नाही ना?

आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता ऋतू पालटला. फोन नाही, निरोप नाही. पथकाच्या ऑफिसातून एकच उत्तर, "कळवू." टॉवेल केव्हाच वाळून कडक झालाय. परवा जाऊबाई त्याची घडी घालायला गेल्या, तर मी त्यांच्यावर खेकसले. गावभरचे कपडे धुते मी, पण त्याला हात लावत नाही. गादीच्या कडेला अंग चोरून झोपते.

एकदा यावं ह्यांनी. दारात पाऊल ठेवलं रे ठेवलं, की कमरेवर हात ठेवून विचारणार आहे, "ओला टॉवेल गादीवर टाकतात का हो कुणी?" मनसोक्त भांडायचंय मला.