दाजी रेषेवर का थांबले

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, चौकातल्या चहावाल्याला नाही, आणि त्याला तर मी माझ्या मूळव्याधीपासून सगळं सांगतो. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून असेल. की परत हंगाम सुरू होतोय म्हणून? नक्की मलाही माहीत नाही. या प्रकरणात मला नक्की असं फारच थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

खालापुरात कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहून देतो. ‘वरील सर्व मजकूर खरा व बरोबर आहे’ ही ओळ दिवसातून वीस वेळा तरी हाताखालून जाते. तेव्हा खरं कसं मांडायचं, हे मला येत नाही असं नाही.

आमचं गाव लोधिवलीच्या पलीकडे, जुन्या हायवेपासून थोडं आत. आजूबाजूच्या गावांना कबड्डीचं आणि क्रिकेटचं वेड, आम्हाला फुटबॉलचं. आमच्या आधीची पिढी कारखान्यात कामाला लागली, तिथे शिकली आणि घरी घेऊन आली. भात झोडून झालं, गुरचरणाची जमीन वाळली, की आसपासच्या गावांच्या टीमा रविवारी एकमेकांशी भिडतात. मी स्वतः कधी बॉलला पाय लावलेला नाही. लावला नाही म्हणूनच मला सगळं कळतं! स्कूटर स्टँडवर लावून मी तिच्यावर बसतो, पूर्ण मॅच बघतो आणि मॅच संपली की पोरं विचारतात, “काका काय बोलले?” माझं मत हा आमच्या टीमचा अकरा जणांनंतरचा बारावा माणूस. थट्टा नाही, गावात असंच म्हणतात.

आणि मला ते आवडतं. हेही आत्ताच सांगून टाकतो.

चार हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्यात एक रीत आहे — पहिल्या मॅचच्या सकाळी गावातल्या एकानं शिवेवरच्या देवाला नारळ द्यायचा. देव म्हणजे आंब्याखालचा शेंदूर लावलेला दगड. एकट्यानं जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, नारळ तिथेच वाढवायचा आणि खोबरं तिथेच ठेवून यायचं. शिवेवरचा प्रसाद गावात आणत नाहीत. म्हणजे साक्षीदार नाही, पुरावा नाही. दिला म्हटलं की दिला. त्या वर्षी मान माझ्याकडे होता.

मी नारळ दिला नाही.

झालं, लिहून टाकलं. पण एवढंच असतं तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता? थांबा, आधी का दिला नाही ते सांगतो. शिवेकडची पायवाट एका बंगल्याच्या कंपाउंडात गेली होती, लांबून वळसा घालावा लागायचा. त्यात खालापूरहून पक्षकाराचा फोन आला, उद्या नंबर आहे, रविवार असला तरी कागद आजच हवेत, लवकर या. मी नारळ स्कूटरच्या डिकीत टाकला, म्हटलं संध्याकाळी देऊ.

नाही. पक्षकाराचा फोन आला होता, पण तासाभराने. खरं म्हणजे मला कंटाळा आला. वळणावर उभा राहिलो, उन्हाकडे बघितलं आणि मागे फिरलो. दगडाला काय कळतंय, असंही मनात आलं. मी तसा देव मानत नाही. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

दुपारी कोंडाण्याकडच्या टीमनं आम्हाला चार गोल मारले. पुढच्या रविवारी दोन. त्याच्या पुढच्या रविवारी तीन, आमचा एक, तोही त्यांच्याच पोराच्या पायाला लागून गेलेला. गतिरोधकावरून जाताना डिकीत नारळ गडगडायचा आणि मी स्कूटर हळू करायचो. देव मानत नाही तर हळू का करायचो?

पण एक सांगतो, त्या तीन मॅच आम्ही का हरलो हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं. कॅप्टन बबन, माझा सख्खा पुतण्या, पावसाळाभर बसून खाऊन सुटला होता. बॉल त्याच्या पुढून जायचा आणि तो नंतर वळायचा. दोघे बॅकवाले कापणी-झोडणीतून सरळ मैदानावर आलेले, दुसऱ्या हाफात त्यांचे पाय उचलत नव्हते. सराव कुणी केलाच नव्हता. दर हंगामाची सुरुवात आमची अशीच रडतखडत होते, चौथ्या-पाचव्या मॅचला गाडी रुळावर येते. आणि एकच माणूस पहिल्या दिवसापासून धड खेळत होता. तो गोलकीपर.

मधू दाजी. माझ्या चुलतभावाची पोरगी संगीता, तिचा नवरा. टेंपो चालवतात. सासऱ्याला मुलगा नाही म्हणून लग्नानंतर आमच्याच गावात राहिले. जावयाला खेळवायचं की नाही यावर एकदा वाद झाला होता, पण त्यांनी गोलात उभं राहून दाखवलं आणि वाद मिटला. त्यांची कला म्हणजे पुढे येणं. समोरचा एकटा सुटून आला की बाकीचे कीपर रेषेवर वाट बघत बसतात. दाजी गोल सोडून सुसाट पुढे यायचे, त्याला विचार करायलाही वेळ द्यायचे नाहीत, पायातून बॉल उचलून न्यायचे. त्या तीन मॅचमध्ये नऊ गोल खाल्ले हे खरं, पण ते नसते तर वीस झाले असते.

एरवी ते गावातले कमी बोलणारे. पंगतीत मान पहिला, पण मीटिंगमध्ये मत कुणी विचारायचं नाही. मैदानावर मात्र बॅकवाल्यांना ओरडून ओरडून जागेवर लावायचे. गोलात उभे असले की ते आमच्या गावचे असायचे.

तिसऱ्या पराभवाच्या संध्याकाळी देवळाच्या पायरीवर सगळे जमले. कुणाचं काय चुकलं यावर आरडाओरडा चालला होता. बबननं एकदम माझ्याकडे बघितलं.

“काका, शिवंवरचा नारळ दिलाय ना तुमी?”

वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. नाही म्हणायला असा किती वेळ लागतो?

“दिला रं. म्हंजे काय!” मी म्हणालो.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण नजरा अजून माझ्यावरच होत्या, निदान मला तसं वाटलं, आणि त्या दुसरीकडे वळवायच्या होत्या. बबनचं पोट दाखवलं असतं तर माझी वहिनी महिनाभर बोलली नसती. बॅकवाल्यांची नावं घेतली असती तर त्यांचे बाप तिथेच बसलेले. मी मनात एकेक नाव घेत गेलो — खरंच घेत गेलो, पक्षकारांची यादी वाचावी तसा — आणि प्रत्येक नावामागे कुणीतरी उभं होतं. एकाच नावामागे कुणी नव्हतं. सासरा तेवढा, आणि तो त्या दिवशी आजारी होता.

“देवाला कशाला मधी घेता?” मी म्हणालो. “गोल कुटून जातात ते बघा. कीपर रेषा सोडून पुढं पळतोय, मागं गोल मोकळा. दाजी, राग मानू नका, पण हाय ते हाय.”

दाजी पाण्याच्या कळशीजवळ बसले होते. त्यांनी मान डोलावली. राग नाही, काही नाही. काका बोलले म्हणजे काहीतरी असणार, अशी मान डोलावली. पुढच्या रविवारी गोलात दुसरा माणूस उभा राहिला.

आणि आम्ही जिंकलो! दोन-शून्य. मग परत जिंकलो. गाव म्हणायला लागलं, काकांची नजर म्हणजे नजर. मी काय समजायचं? चौथ्या मॅचला गाडी नेहमी रुळावर येतेच, हे मला माहीत होतं. बॅकवाल्यांचे पाय सुटले होते, बबन चार किलोंनी उतरला होता. तरी स्कूटरवर बसल्या बसल्या एक विचार यायचा — की मी बोललो तेच खरं असेल? थाप मारताना चुकून खरं तोंडातून गेलं असेल? तसं असेल तर मग माझा गुन्हा काय? असे विचार मी केले. लाज वाटते, पण केले.

मग दाजी एकदा खालापुरात माझ्या टेबलापाशी आले. टेंपो बाजूला लावून समोरच्या स्टुलावर पक्षकारासारखे बसले.

“काका, माझं नक्की कुटं चुकतंय ते नीट सांगा. मी सुदरीन.”

तीच वेळ होती. टेबलावर कागद होता, पेन होतं, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मी त्याच कागदावर गोल काढला, रेषा काढली आणि त्यांना समजावलं. रेषेवर थांबायचं. समोरचा कितीही एकटा येऊ दे, जागा सोडायची नाही. कीपरचं काम मागे उभं राहायचं. अर्धा तास बोललो, आणि छान बोललो. दाजींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. जाताना चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

पुढचं मला संगीतानं सांगितलं, हसत हसत. दाजींना पुढे पळायची सवय सुटेना, म्हणून त्यांनी गाईचं दावं घेतलं, एक टोक खळ्यातल्या खांबाला बांधलं आणि एक स्वतःच्या कमरेला. ती समोरून बॉल मारायची. दाजी सवयीनं झेपावायचे आणि दावं त्यांना मागे ओढायचं. “काका, कंबर निस्ती लाल झालीय त्यांची,” ती म्हणाली. “पर तुमी सांगितलंय म्हटल्यावर आयकतायत कुटं!” मीही हसलो. काय करणार होतो?

सातव्या मॅचला नव्या कीपरचं बोट मोडलं आणि दाजी आत आले. एक-एक बरोबरी होती, शेवटची पाच मिनिटं. समोरच्या टीमचा पुढचा गडी आमच्या दोघा बॅकमधून एकटाच सुटला. बॉल त्याच्या पायापासून लांब गेला होता, चार हात लांब. जुने दाजी असते तर तिथेच खेळ संपला असता. दाजी निघाले. दोन पावलं आले. आणि थांबले. आणि त्यांनी बॉलकडे नाही, त्या गड्याकडे नाही — माझ्याकडे बघितलं. मग मागे रेषेवर जाऊन उभे राहिले. त्या गड्यानं बॉल आरामात आवरला, जागा बघितली आणि गोल मारला.

मॅच संपल्यावर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. ते माझ्या स्कूटरपाशी आले. गुडघ्यांना माती लागली होती.

“काका,” ते म्हणाले, “थांबलो बरं का रेषेवर.”

मी म्हटलं, “बघितलं.”

दुसऱ्या दिवशी मी वळसा घालून शिवेवर गेलो आणि नारळ दिला. पाणी आटून आत गोटा झाला होता. मनात म्हटलं, उशिरा का होईना. पुढच्या मॅचला आम्ही पाच गोल खाल्ले. आता याचा काय अर्थ लावायचा, तुम्हीच सांगा. देव असेल तर टीमला मी बुडवलं. देव नसेल तर कसल्या दगडासाठी मी खोटं बोललो आणि चांगल्या खेळाडूचे पाय बांधले? दोन्ही बाजूंनी मांडून बघतो, रात्ररात्र नाही, पण कामात मध्येच. दोन्हीकडून बेरीज माझ्याच नावावर येते, तरी ती कशाची आहे ते मला समजत नाही.

एवढं मात्र समजतं. त्या मॅचनंतर दाजी गोलात उभे राहिले नाहीत. कुणी काढलं नाही त्यांना. स्वतःच म्हणाले, आपल्याला ते जमत नाय. आता बॅकवाल्यांना ओरडून जागेवर लावणारं कुणी नाही, आणि मैदानाबाहेर दाजी परत कमी बोलतात. पंगतीत पहिला मान तेवढा अजून आहे. आणि माझं मत अजून विचारतात.

परवा रविवारी पहिली मॅच आहे. काल मैदानावर गेलो तर दाजी डबा घेऊन चुन्याची फक्की मारत होते. चार वर्षं ते काम त्यांनी आपणहून घेतलंय. गोलपाशी वाकून, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, सुतळी धरून रेषा ओढत होते. मला बघून उठले, हात पुसले.

“काका, बघा जरा. रेषा सरळ आली ना?”

माझी नजर म्हणजे नजर. मी बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, “सरळ आली दाजी.”

त्यांचं कधीच काही चुकत नव्हतं. ते पुढे यायचे तेच बरोबर होतं. हे मी तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही.