बाबांचा आवाज आणि पाच मिनिटांची झोप

गेल्या शनिवारी संध्याकाळी लालबागच्या घरी बाबा नेहमीसारखे स्पीकरसमोर येऊन बसले... आणि स्पीकर बोललाच नाही.

माझे बाबा भजनाचे बुवा. गिरणगावातल्या मंडळांत, गावच्या जत्रेत आयुष्यभर डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, गायले. तीन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलतात आणि रोज दिवेलागणीला स्वतःचीच जुनी भजनं ऐकतात.

ती भजनं होती आमच्या नॅसवर. नॅस म्हणजे वायफायला जोडलेला, दोन हार्डडिस्क असलेला डबा. चाळ पाडून टॉवरमध्ये राहायला आलो तेव्हा मी दोन खोकी भरून कॅसेट डिजिटल केल्या आणि कॅसेट भंगारात दिल्या... नव्या घरात अडगळ नको ना!

मी चाळीत वाढलेला माणूस. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तरी जीव वरखाली होतो. हा डबा चोवीस तास घरघरतोय हे काही बघवेना. म्हणून सेटिंग लावलं, पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की डिस्क झोपणार. वीज वाचेल, डिस्कही जास्त टिकेल... ऑफिसात सगळ्यांना हे शहाणपण शिकवत फिरलो.

पण घरातल्या चार मोबाइलचे फोटो दिवसभर थोड्या थोड्या वेळाने त्याच डब्यात जायचे. म्हणजे डिस्क झोपली की फोन उठवणार, उठली की माझं सेटिंग झोपवणार. टक्... घर्र... टक्. तो आवाज ऐकून मी खूश व्हायचो, की बघा, किती आराम मिळतोय तिला.

एक डिस्क महिन्यापूर्वीच गेली होती. दुसरीवर सगळं तसंच्या तसं आहे म्हणून मी निवांत, नवी आणायचं उद्यावर ढकलत होतो. शनिवारी दुसरीही गेली.

लॅमिंग्टन रोडवरच्या रिपेअरवाल्याने डिस्क कानाशी धरली आणि म्हणाला, "साहेब, सारखं झोपवून उठवून मारलीत हिला. चालू ठेवली असती तर जगली असती." आणखी एका ठिकाणी दाखवली. आत चरे पडलेत, काही निघणार नाही म्हणाले.

बाबांच्या साथीदारांना फोन केले. सगळ्यांचं एकच, "अरे, बुवांकडे असतील ना सगळ्या कॅसेट!" तेव्हा अक्षरशः ढसाढसा रडलो, जिन्यात बसून.

तुमच्याकडे असा डबा असेल तर एवढंच करा... तासभर कोणी वापरला नाही तरच त्याला झोपवा आणि तिसरी कॉपी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. मला हे आता कळून काय उपयोग.

चार दिवस मी वायफाय बिघडलंय म्हणत राहिलो. बाबा तरी रोज स्पीकरसमोर येऊन बसायचे. शेवटी गुरुवारी सांगून टाकलं, की सगळं गेलं, माझ्यामुळे गेलं.

बाबांनी पाटी ओढून मालवणीत लिहिलं, "तुका येता मां? तू म्हण."

लहानपणी वर्षानुवर्षं त्यांच्या मागे बसून झांज वाजवलीय मी. एक ओळ म्हटली... आणि पुढचं आठवेना. सगळं साठवून ठेवलंय म्हणून कधी काही पाठच केलं नव्हतं.

बाबांनी पुढचे शब्द लिहून दिले. पण चाल कशी लिहिणार? मांडीवर ठेका धरून ते वाट बघत होते, मी सुचेल तसं गात होतो आणि प्रत्येक ओळीला ते मान हलवत होते... असं नाही.

असं नाही तर कसं, ते गाऊन दाखवणारं आता आमच्या घरात कोणी नाही.