गुडघ्यावरची खपली

रविवारी सायकलवर घाट पालथा घालून दुपारी घरी आलो, तर आठ वर्षांची ईरा पायरीवर बसून गुडघ्याची खपली काढत होती. खपली पार सुकलेली.

"कधी पडलीस गं?"

"मागच्या रविवारी. सायकल शिकताना."

"शिकवली कुणी?"

"शेजारच्या काकांनी. तू तुझ्या सायकलवर गेला होतास ना, बाबा."

आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं. घाटातलं वळण न् वळण मला पाठ आहे. लेकीचा तोल पहिल्यांदा सावरला तो क्षण मात्र मी पाहिलाच नाही. तो आता पुन्हा यायचा नाही.

"मला चालवून दाखवतेस?"

ती भुर्रकन निघाली. मी हात पुढे करून मागे धावलो.

"बाबा, धरू नकोस, येतं मला!"

मी धरलंच नव्हतं.