सोमवारची दाढी

आमचा दादा न्हावी. वडिलांनी ठेवलेलं दुकान छोटंसंच: तीन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा आणि मागे वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. दादाचा हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. पुढे त्याच हाताला बाटलीची सवय लागली. सकाळी वस्तरा थरथरायला लागला, तशी गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत जाऊ लागली. त्यांना तरी काय बोलणार? गळा त्यांचा होता.

दवाखान्यातून आल्यावर दादाने पिणं सोडलं. पण हात काही थांबेना. दुकान उघडायचा, खुर्च्या पुसायचा आणि आरशासमोर बसून राहायचा. मी रोज देवाला म्हणायची, बाबा रे, याच्याकडे जरा बघ. देवाने बघितलं आणि एक ट्रकवाला पाठवला. दवाखान्यात त्याची कॉट दादाच्या शेजारी होती. एका सोमवारी, दुकानाला सुट्टी असताना, त्याने शटर वाजवलं.

"दाढी कर."

"आज बंद आहे. आणि माझा हात बघितलास का?"

"बघितला. हा माझा बघ." त्याचाही हात हलत होता. "घरी बसलो की पाय गुत्त्याकडे वळतात. तू वस्तरा चालव, मी बोलत बसतो. अर्धी दाढी झाल्यावर पळून पळून जाणार कुठे?"

त्या दिवशी त्याला चांगलंच कापलं. पण आमच्याकडची दारू सोडणाऱ्यांची पहिली बैठक ती. आता लोक विचारतात, हे सगळं सुरू कसं झालं? असं झालं. एकाच्या हातात वस्तरा, दुसऱ्याच्या गालावर साबण, आणि दोघंही जीव मुठीत धरून.

मग पोस्टमन आला, त्याने आणखी कुणाला आणलं. पद्धत तीच राहिली. ज्याची दाढी चालू, त्याने बोलायचं. तोंड आरशाकडे असल्यामुळे कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नसे, त्यामुळे मोठमोठे गडीही मोकळे व्हायचे. एकजण मात्र घाबरून अर्ध्या दाढीनिशी, साबणासकट पळाला. थोड्या वेळाने मुकाट्याने परत आला. बायकोने विचारलं होतं म्हणे, "उरलेली कुठे ठेवून आलात?"

होता होता दादाचा हात स्थिर झाला. एका सोमवारी कुणालाही एक ओरखडा नाही! त्या खुशीत दादाने कपाटातली जुनी लोशनची बाटली काढली. एकेकाच्या गालावर चापट्या मारून लोशन लावलं आणि सगळ्यांना जावयासारखं घमघमत घरी पाठवलं. लोशनमध्ये स्पिरिट असतं, हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? त्या वासाला त्यांची नाकं इतकी सरावलेली, की तो वास आहे हेच त्यांना कळत नव्हतं.

घरच्यांना कळलं. पोस्टमनच्या आईने दाराला आतून कडी घातली. ट्रकवाल्याच्या बायकोने मात्र रात्रीच बॅग भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन दुकानात आली. मी आणि वहिनी तिथेच होतो.

"भाऊ, बस पकडायच्या आधी सांगून जाते. ते तुमच्याकडे यायला लागले म्हणून मी माहेरी जायची थांबले होते. काल पिऊन आले. आता मी जाते."

दादाचा चेहरा उतरला. "काल? अगं, काल तर माझ्यासमोर बसला होता."

"मला वास आला. शपथा घेत होते. शपथा मी पुष्कळ ऐकल्यात."

वहिनी उठली. "थांब. माझ्याकडेही काल तोच वास होता. मीही कंबर कसली होती, मग ह्यांचे हात हुंगले." तिने बाटली उघडली आणि लोशन तिच्या गालाला चोपडलं. "घे. आता तूही प्यालीस. जा घरी, सासूला तोंड दाखव."

तिने गालावरून हात फिरवला आणि तळहात हुंगला. हसू आलं तिला, आणि लगेच डोळे भरले. मग ती दादाकडे वळली.

"पण भाऊ, उद्या ते खरंच प्यायले आणि म्हणाले, लोशन आहे, तर मी कसं ओळखू?"

तिचं खोटं नव्हतं. दादाने वहिनीच्या हातून बाटली घेतली, बेसिनमध्ये उपडी केली आणि वरून नळ सोडला. मग खणातून तुरटीचा खडा काढला.

"आजपासून ही. वास नाही आणि लाडही नाहीत."

"मी येऊन बघणार."

"ये की. बाक रिकामाच असतो."

तिने बॅग उचलली आणि घरची वाट धरली.

पुढच्या सोमवारी ती खरंच आली. वहिनीही बसली, पोस्टमनची आईसुद्धा. दादाने तुरटी फिरवली तसा ट्रकवाला कळवळला, "आई गंऽ!"

"लोशन लावून घेताना बरे नाही ओरडलात?" बाकावरून बायको म्हणाली. सगळं दुकान हसलं. त्या हसण्यात पोस्टमनची आई बोलायला लागली, ती थांबेचना. कधी कुणाला न सांगितलेलं सगळं बोलली. घरच्या माणसांची बैठक सुरू झाली ती तिथे, त्या बाकावर.

आता दुकानात मावत नाहीत म्हणून शाळेचे दोन वर्ग मिळालेत, एक दारू सोडणाऱ्यांना, एक घरच्यांना. पण जुनी मंडळी सोमवारी आधी दुकानात येतात. दादाच्या खुर्चीत परत लोक घोरतात. ट्रकवाला दाढी झाली की बाकाकडे जातो आणि कुणी न सांगता बायकोसमोर "हाऽ" करतो. पहिल्या पहिल्यांदा ती अगदी मन लावून हुंगायची. हल्ली त्याला हातानेच बाजूला सारते.

"पुरे झालं. चला, भूक लागलीय."