आठ नंबरचे बूट

“पाय खोटा बोलणत नाय, माणसा बोलतत,” असं म्हणून काउंटरवरचे काका गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघायचे. तोंडाकडे नाहीच.

कुवेतमधल्या एका मॉलमध्ये बर्फाचा बंदिस्त उतार आहे. बाहेर माणसं भाजून निघतात, आत दात वाजतात. तिथे तळाला आखूड स्की जोडलेले बूट देणारे हे काका मालवणकडचे. दर शुक्रवारी मी लेकीला घेऊन फहाहीलहून जायचो आणि ऐटीत “आठ” म्हणायचो. ते नऊचे बूट पुढे सरकवायचे. “तुमचो आठ नंबर लग्नात होतो, सायबानू.” आणि नऊच बसायचे. हा अपमान मी चार वर्षं गिळला.

दुसऱ्याची थाप चटकन पकडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची स्वतःची एखादी थाप कुठेतरी खुशाल नांदत असते. काकांची गावी नांदत होती. आपण कुवेतमध्ये बर्फावर घसरायला शिकवणारे मास्तर आहोत, असं त्यांनी बायकोला बारा वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात काउंटरवाल्यांना बर्फावर जायची मनाईच होती.

कायमचं गावी परतायच्या आधीच्या शुक्रवारी ते रडकुंडीला आले. “बायल माजो घसरतानाचो व्हिडिओ मागता. आता गावात तोंड कसा दाखवू?”

त्यांचा मॅनेजर नमाजला गेला होता. मी माझं तिकीट त्यांच्या हातात कोंबलं. काकांनी स्वतःसाठी नवीकोरी लाल जोडी काढली.

“नंबर?” मी दरडावलं.

“आठ.”

पाय तर सरळसरळ सहाचे!

“पाय खोटा बोलणत नाय,” मी म्हणालो.

“गप रवा ओ. हीच जोडी बरी दिसता.”

मी मोबाइल धरला. काका थाटात पाच पावलं घसरले, दाणकन आपटले, आणि एक लाल बूट त्यांना मागे ठेवून एकटाच उतारावरून खाली गेला. पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता. मॅनेजर यायच्या आत काउंटरवर परतून काकांनी डोळे मिटून तोच व्हिडिओ पाठवला.

थोड्या वेळाने आवाजी निरोप आला. आधी नुसतं हसू, मग काकू: “मास्तरानू, बारा वर्सा सगळ्या फोटोत तुमच्या पायात चपला. माका काय कळाक नाय? लागला नाय मां? आता येवा घराक.”

काका आपल्या चपलांकडे बघत राहिले.

पुढच्या शुक्रवारी काउंटरवर नवा माणूस होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघून नंबर विचारला. मी सवयीने “आठ” म्हणालो, आणि त्याने मुकाट्याने आठचेच बूट दिले.