पाच मूर्तींचं पत्रक

घर सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडवर आई-अप्पांचं भांडण झालं. माझ्या बॅगेत एकाच वस्तूपुरती जागा उरली होती. आईचा चिवड्याचा डबा जाणार की अप्पांची दोनशे पत्रकं?

अप्पा शाळामास्तर. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी उपदेश करायचे आणि बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटायचे. दारूवर, हुंड्यावर, मानपानावर. खाली नाव कधीच नसायचं, फक्त ‘एक सेवक’. मी अक्षरं गिरवली तीसुद्धा उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. शेवटी पत्रकं बॅगेत गेली आणि डबा माझ्या मांडीवर. “पोरीला भूक लागली तर पत्रक खाईल,” आई म्हणाली.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं इकडे येऊन राहिलेल्यांनो, गाडी सुटताना अप्पा काय म्हणाले ते तुम्हाला सांगायला हवं. “दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवायचं नाही. रोज उठून आपल्या उशाखाली काय आहे ते बघायचं.”

माझ्या उशाखाली मोबाईल होता.

टिटवाळ्याला खोली घेतली. नोकरी ठाण्यात, उपासनेला रविवारी कल्याण. गावी मूर्ती म्हटलं की मला बायबलच्या जुन्या करारातलं सोन्याचं वासरू आठवायचं. इथे आल्यावर कळलं की वासरू म्हातारं झालं, त्याला पिल्लं झाली आणि ती टू बीएचकेत राहतात. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर घोडबंदर रोडला एक सॅम्पल फ्लॅट बघायला गेलेले. कोणी न सांगता सगळ्यांनी दारात चपला काढल्या. आवाज आपोआप खाली आले. एका काकांनी किचनच्या ग्रॅनाइटवरून हात फिरवला आणि तोच हात छातीला लावला. ज्या घरात कोणी राहत नाही, ज्याच्या नळाला पाणी नाही, त्याच्यापुढे पंधरा माणसं अनवाणी उभी!

घरी येऊन मी पत्रक लिहिलं : ‘आपल्या घरातल्या पाच मूर्ती’. सॅम्पल फ्लॅट, गाडी, मुलांचे टक्के, ऑफिसातलं पद आणि सेल्फी. माझं रक्त नुसतं उसळत होतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ते वाचलं आणि कापणीच्या सणाला, नव्या पिकाच्या उपासनेला, वाटायची परवानगी दिली. मी अप्पांना फोन केला : या, चर्चच्या दारात उभे राहून दोघं मिळून वाटू.

छापायला कल्याण स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याकडे गेले. त्याने मजकूर लावला आणि म्हणाला, “ताई, फोटो द्या.”

“कशाला?”

“फोटोशिवाय कोण वाचतंय? इकडे बारशाच्या फ्लेक्सवर बाळ कोपऱ्यात असतं आणि मध्ये बाळाचा काका, गॉगल लावून.”

मी नाही म्हणाले. मग म्हणाले, छोटा. मग तो म्हणाला, छोटा टाकला तर पासपोर्टसारखा दिसेल. मग मी मोबाईलमधून त्याला चार फोटो पाठवले. ज्यात केस नीट होते, तो निवडायला आम्हाला अर्धा तास लागला.

सणाच्या आधीच मी थोडी पत्रकं ओळखीत दिली. कोणी रागावेल, म्हणून उत्तरं तयार ठेवलेली. रागावलं कोणीच नाही. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, “टक्क्यांचं अगदी माझ्या जावेवर लिहिलंयस. अजून दोन दे.” दुसऱ्या दिवशी जाऊबाई भेटल्या आणि त्यांनी तीन मागितली. खोलीच्या मालकीणबाई आमच्यातल्या नव्हेत, गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांनीही पत्रक घेतलं. “माज्या थोरल्याला वाचून दाखव गो. गाडी पुसल्याबिगर च्या नाय पीत.” प्रत्येकाला त्यात शेजारी दिसत होता. मला मात्र यश दिसत होतं.

शनिवारी दुपारी आई-अप्पा आले. अप्पांनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं.

“सॅम्पल फ्लॅटचं फार छान लिहिलंयस,” ते म्हणाले. “लोक चपला काढतात म्हणतेस. मग इथं,” त्यांनी बोट माझ्या फोटोवर ठेवलं, “इथं काय काढायचं?”

मी खूप बोलले. शहर, जमाना, फ्लेक्स, बाळाचा काका. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुझं पत्रक आहे, तू वाट. मी दारात उभा राहीन, पण हे हातात घेणार नाही.”

आई म्हणाली, “अहो, एवढ्या लांबून आलोय आपण.” अप्पांनी चष्मा काढून डबीत ठेवला. ज्या माणसाच्या पत्रकांवर अक्षरं गिरवली, तो माझं पत्रक हातात धरणार नव्हता. तिकडे मालकीणबाईंचा थोरला खाली गाडी धूत होता, त्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

शेवटी मीच कात्री काढली. तेव्हा लक्षात आलं की फोटोच्या पाठीमागे पाचवी मूर्ती छापलीय. सेल्फीचा माझा सगळ्यात जळजळीत परिच्छेद! फोटोचं दुःख मी गिळलं असतं, पण त्या परिच्छेदासाठी डोळ्यांत पाणी आलं. दहा-दहा पत्रकांची चळत करून आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत कापत बसलो. आईचा हात सरळ चालला, माझा वाकडा. अप्पा कापताना गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात अप्पांनी आणि मी मिळून वाटलं. नाव पाच मूर्तींचं, आत चारच. उपासना संपल्यावर लोक विचारत आले, “ताई, पाचवी कुठाय?” तीनशे माणसांना मी तोंडाने सांगितलं : “पाचवी मीच होते. काल कापली.” लोक हसले आणि पहिल्यांदाच कोणी जास्तीची प्रत मागितली नाही. मिळालेली प्रत घडी घालून प्रत्येकाने आपल्याच खिशात ठेवली.

सोमवारी ते परत गेले. बॅग भरताना आईच्या बायबलातून माझा एक कापलेला फोटो डोकावला. अप्पांनी तो पाहिला.

“मूर्ती नाही हो,” आई घाईने म्हणाली. “पानाची खूण आहे.”

अप्पांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. आता ऑफिसच्या फॉर्मवर मी पत्ता टिटवाळ्याचा लिहिते आणि तो खोटा नाही. पण घर कुठं म्हणून कोणी विचारलं, तर मला ती दोन माणसं दिसतात. एक माझा फोटो कापायला लावतं आणि दुसरं त्यातलाच एक जपून ठेवतं.