वांग्याच्या काचेसोबत कारंजा (घाडगे)

मे महिन्यात विदर्भात जायचं नसतं, हे मला पुण्यात सगळ्यांनी सांगून झालं. मी ऐकणार होते होय! रंगीत काचेचे तुकडे जोडून मी घरांसाठी तावदानं बनवते. आजवर ती फक्त मैत्रिणींनी आणि आत्यांनी कौतुकानं घेतलेली. पहिलं अनोळखी गिऱ्हाईक मिळालं ते थेट वर्धा जिल्ह्यातल्या कारंजाजवळचं. शोभाताई, भाजीपाला पिकवणाऱ्या. नव्या घराच्या बैठकीतल्या खिडकीसाठी त्यांना वांग्याचं झाड हवं होतं, फुलासकट! कुरियरवर माझा भरवसा नाही, म्हणून काच आणि मी दोघी निघालो. ऊन आरपार गेल्यावर ते वांगं झळाळतं का, हे मला स्वतः बघायचं होतं. नाही झळाळलं तर हा धंदा आपला नव्हे, असं ठरवूनच टाकलं होतं.

रेल्वेनं सकाळी वर्धा. तिथे तर्री-पोहे खाच, पण पाणी आधी मागवून ठेवा. गोरसपाक बिस्किटांचे दोन पुडे घेतले, त्यातला एक आर्वीच्या आधीच संपला. आर्वीला बस बदलायची. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट, हे विसरू नका बायांनो.

"ताई, टीव्ही होय काय?" कंडक्टरनं माझ्या खोक्याकडे बघत विचारलं.

"काच आहे. वांग्याची."

"बापा! आमी त वांग्याची भाजीच करतो."

सगळी बस हसली, मीही हसले. पुढच्या प्रत्येक खड्ड्याला मागून कोणीतरी ओरडायचं, "वांगं सांभाळा!"

कारंजाला शोभाताई आणि त्यांचे यजमान दादाराव घ्यायला आले होते. घरी खोका उघडला. शोभाताईंनी एकेका जांभळ्या तुकड्यावरून बोट फिरवलं आणि मी हवेत तरंगायला लागले. मग बैठकीत गेलो, आणि धाडकन खाली आले. खिडकीत भलामोठा पत्र्याचा कूलर घरघरत होता. शोभाताईंनी माप घेऊन पाठवलं दिवाळीत, तेव्हा तो माळ्यावर होता. उन्हाळ्यात कूलर बैठकीच्या खिडकीतच असतो, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचं सुचलंच नाही, आणि मला पुणेकरणीला विचारायचं.

"थोडा वेळ काढता येईल का?" मी विचारलं.

"कूलर काढला त भाजून निघू सारे!" दादाराव म्हणाले. "पाऊस पडू द्या, मंग लावू."

मला रडूच यायला लागलं. शोभाताईंनी तावदान उचललं. "चाला," म्हणाल्या, आणि सरळ सैपाकघरात शिरल्या. पूर्वेच्या खिडकीच्या गजांना आम्ही दोघींनी ते तारेनं घट्ट बांधलं.

"इथं कोण पाहीन?" दादाराव दारातून. "पाहुणे त बैठकीत बसतात."

"मी पाहीन ना. अर्धा दिवस मी इथंच राह्यते."

दुसऱ्या सकाळी ऊन आलं. परातीतलं पांढरं पीठ जांभळं झालं, भिंतीवर हिरवी पानं हलायला लागली. "अवो, पाहा, माह्या हातावर फूल पडलं!" शोभाताई हात पुढे धरून नाचवत होत्या, मी किंचाळत होते. तव्यावरची भाकरी करपली. तीच मी झुणक्यासोबत खाल्ली, आणि इतक्या आनंदानं भाकरी मी कधी खाल्लेली नाही.

घरी परतून कामाला लागले, तरी ते जांभळं पीठ डोळ्यांपुढून जाईना. जुलैत दादारावांचा फोन आला.

"ताई, कूलर काढला. पण शोभा काच बैठकीत आणू देत नाई. पाहुणेही सैपाकघरातच चहा पेऊन राह्यले. बैठकीत मी एकटाच!"

"मग काय करायचं?"

"माह्यासाठी दुसरं बनवा. बैठकीच्या दारावरच्या झरोक्यात लावू. तिथं कूलर बसत नाई, म्या आधीच पाहून घेतलं."